नमुन्याशी जुळत नाही

सत्यशीलेबद्दल दिग्रसमधले लोक आता चांगलं बोलतात. ती बदली होऊन गेली म्हणून बोलतात. माणूस नजरेआड झालं की त्याचे गुण दिसायला लागायचे, ही आमच्या गावाची जुनी खोड आहे. ती इथं होती तेव्हा तिला कोणी खडूस म्हणायचं, कोणी शिष्ट म्हणायचं, आणि आमच्या हेडबाई काय म्हणायच्या ते लिहिण्यासारखं नाही. ती ज्या मुलींच्या शाळेत शिकवायची, तिथंच मी दुसरीचा वर्ग सांभाळत होते, तेव्हा मला जे दिसलं ते सांगते. गोड करून सांगायची मला सवय नाही.

ती दिग्रसचीच. तिचा बाप उकंडा जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, गाठी ओढायचा. आधीची मुलं दगावली की मागून आलेल्याला उकंडा, दगडू असं काहीतरी ओंगळ नाव ठेवायचं, म्हणजे मरण नाक मुरडून पुढच्या घरी जातं, अशी लोकांची समजूत. उकंड्याची आधीची मुलं गेली, तेव्हा त्यानंही मुलीचं नाव दगडी ठेवलं. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, देवळीतले देव काढून टाकले आणि मुलीला समोर बसवून म्हणाला, "आजपासून तू दगडी नाई. सत्यशीला."

तिनं विचारलं, "अन् तुह्यं, बा?"

"माह्यं राहू दे. मले कोन नावानं हाका मारून राह्यलं आता?"

पण शाळेच्या दाखल्यावर दगडीच राहिलं. यवतमाळच्या नॉर्मल स्कुलातून शिकून ती एकसष्ट साली आमच्या शाळेत लागली, तेव्हा हेडबाई वच्छलाबाई तिला मुद्दाम भर ओसरीत "दगडीबाई" म्हणून हाक मारायच्या. "कागदावर आहे तेच म्हणते हो मी, माझ्या पदरचं काही नाही," वर असंही म्हणायच्या. सत्यशीला ओ द्यायची नाही. मान वर करायची नाही. हेडबाई घसा फोडून थकायच्या, मग मला खूण करायच्या, मग मी "सत्यशीलाबाई" म्हणायची आणि ती लगेच उठून यायची. पंधरवड्यात हेडबाईंना ते नाव म्हणता यायला लागलं. शाळेतला दुपारचा चहा सगळ्या बाया पाळीनं करायच्या. सत्यशीलेची पाळी सुरू झाली आणि त्याच आठवड्यात वच्छलाबाईंना चहानं पित्त व्हायला लागलं. सोमवारी माझी पाळी असायची, त्या दिवशी ते व्हायचं नाही. असलं सोयीचं पित्त मी दुसरं पाहिलेलं नाही.

आमच्या शाळेतलं शिक्षण म्हणजे काय होतं, तेही सांगते. पाढे घोकायचे, कविता घोकायच्या, भूगोल घोकायचा. जपानात काय पिकतं ते मुलींना पाठ असायचं आणि शाळेच्या भिंतीपलीकडे जिनाचा भोंगा कशानं वाजतो ते माहीत नसायचं. नॉर्मल स्कुलात पाठाचं टाचण काढायला शिकवत. त्यात बाईनं कोणता प्रश्न विचारायचा ते डाव्या बाजूला आणि मुलीनं काय उत्तर द्यायचं ते उजव्या बाजूला आधीच लिहून ठेवावं लागे. सत्यशीला म्हणायची, "पोट्टी काय बोलन ते आपुनच लिवून ठेवलं, तं पोट्टी पाह्यजेन कायले? वर्गात टाचणच बसवून द्या ना."

पण या सगळ्यावर कळस होता तो पेटीचा.

हस्तव्यवसाय नावाचा एक तास वेळापत्रकात होता, शनिवारी. मुलींनी मातीच्या, कागदाच्या वस्तू करायच्या, बोटांना वळण लावायचं, डोकं चालवायचं, असं वरून लिहून आलेलं होतं. आमच्या शाळेत त्या तासाला मुली वच्छलाबाईंच्या घरची तूरडाळ निवडायच्या. मग तपासणीला डिप्टीसाहेब यायचे तेव्हा दाखवायचं काय? तर त्यासाठी एक पत्र्याची पेटी होती. कोणे एके काळी कुठल्याशा ड्रॉईंगमास्तरनं मातीची फळं करून रंगवली होती: वांगी, मिरच्या, सीताफळ, पेरू, आणि मधोमध कापलेली एक पपई, तिच्यात बिया म्हणून खरे मिरे चिकटवलेले. ही पेटी मोटारीच्या टपावर बसून आसपासच्या शाळाशाळांतून डिप्टीसाहेबांच्या एक दिवस पुढे हिंडायची. ज्या गावी तपासणी, त्या गावी पेटी. आदल्या गावच्या मुलींच्या नावाच्या चिठ्ठ्या काढायच्या, आपल्या मुलींच्या नावाच्या लावायच्या आणि टेबलावर चादर अंथरून मांडायचं. डिप्टीसाहेब येऊन पपई उचलायचे आणि म्हणायचे, "वा! अगदी खरी वाटते." हीच पपई त्यांनी परवा आर्णीला उचललेली असायची. त्यांना ठाऊक होतं का? होतं. त्यांना ठाऊक आहे हे आम्हांला ठाऊक होतं, आणि सगळे मिळून त्या पपईसमोर हात जोडून उभे राहायचे. पेरूवर तर दातांचे व्रण होते. कुठल्या तरी गावच्या उपाशी पोरीनं तो खरा समजून चावला होता, आणि माझ्या मते तेवढी एकच मुलगी त्या फळांपासून काही शिकली असेल.

पहिल्या वर्षी सत्यशीलेनं ती फळं मांडली. नवी होती, कायम व्हायची होती, आणि उकंड्याची छाती जिनात उडणाऱ्या कापसाच्या तुसानं निकामी होऊन तो घरी बसला होता. तिनं चिठ्ठ्या लावल्या, पण चेहरा असा, की कोणाचं उष्टं उचलते आहे. साहेब गेल्यावर ती हेडबाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"मले शनवारचा तास पाह्यजे. माह्या वर्गापुरता."

"आणि डाळ?" वच्छलाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"डाळ मी निवडून देईन. घरी पाठवा."

आता ओसरीवर सगळ्या बाया ऐकत होत्या. हेडबाईंना तास द्यावा लागला. डाळ पाठवायची मात्र त्यांना लाज वाटली, किंवा तिच्या घरात डाळ बाटेल अशी भीती वाटली, काय असेल ते.

तो तास कसा असायचा ते मी खिडकीतून पाहिलं आहे. सत्यशीला मुलींना मैदानात बसवायची. माती असायची, ज्वारीचे धांडे, पऱ्हाटीच्या काड्या, सुतळी, डालड्याचे रिकामे डबे. म्हणायची, "करा." मुली विचारायच्या, "काय करू, बाई?" ती म्हणायची, "मले काय विचारता? हात तुमचे हायेत." महिनाभर कोणी काही केलं नाही. दोघीतिघींनी तर रडून घेतलं. त्यांना आजवर कोणी असं मोकळं सोडलंच नव्हतं. दावणीची गाय सोडली तरी खुंट्याभोवतीच फिरते तसं त्यांचं झालं. मग एकीनं चूल केली, एकीनं बैलबंडी केली, एकीनं मोटार केली तिला चाकंच नव्हती. सत्यशीला चांगलं म्हणायची नाही, वाईट म्हणायची नाही. फक्त हातात घेऊन नीट पाहायची. तेवढ्यानं मुली फुलायच्या. मला पहिल्यांदा हे सगळं थोतांड वाटलं होतं, आणि आताही इतर कोणी केलं तर वाटेल.

तिच्या वर्गात नलू नावाची मुलगी होती. तिची आई कांताबाई जिनात रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकायच्या कामावर. नवरा नाही. कांताबाईनं शाळेत येऊन सरळ सांगितलं होतं, "बाई, पोट्टीले चौथीलोक शिकवते. पास होईन तं पुढं पाहू. नापास झाली का त्याच दिवशी माह्यासंगं जिनात. मले एकटीनं होत नाई आता." यात कांताबाईचा दोष काढायला मी जाणार नाही. तिला दिवसभर खोकला असायचा. आणि सत्यशीलेनं ते बोलणं मनाला लावून घेतलं, कारण त्या जिनानं तिच्या बापाचं काय केलं ते ती रोज घरी पाहत होती. नलूला जिनात जाऊ द्यायचं नाही, हे तिनं मला बोलून दाखवलं. एरवी ती असलं काही बोलायची नाही.

नलू तिसरीत असताना शनिवारच्या तासाला एका कोपऱ्यात बसून काहीतरी जोडत राहायची. धांड्यांचा सांगाडा केला, त्यात मोडकं लाटणं आडवं बसवलं, त्याला चिकटून छत्रीची लोखंडी दांडी, दोन्ही सुतळीनं जोडून एक तारेची मूठ. मूठ फिरवली की सुतळी निसटायची. पुढच्या शनिवारी पुन्हा. दिवाळी गेली, संक्रांत जवळ आली. आणि एका शनिवारी तिनं फुटलेल्या बोंडातला कापूस त्या दोन्हींच्या मधे धरला, मूठ फिरवली, आणि रुई पलीकडे गेली, सरकी अलीकडे पडली. त्यावर तिनं डालड्याच्या पत्र्याचा पंखा बसवला होता, मुठीबरोबर फिरणारा. तो कशाला, म्हणून मी विचारलं.

"मायच्या नाकात तूस जाते ना बाई. हा तिकडं उडवते."

मुलींनी आरडाओरडा केला. वच्छलाबाई धावत बाहेर आल्या, कोणाला विंचू चावला म्हणून. पाहून म्हणाल्या, "एवढंच ना?" मला त्या वेळी त्या बाईची जी कीव आली! कीव कसली, तिटकाराच तो.

कांताबाईला दाखवलं, तेव्हा ती आधी म्हणाली, "घरातलं लाटणं कोनं नेलं ते आता समजलं." मग तिनं मूठ फिरवून पाहिली. दोनदा फिरवली. पंख्याचा वारा तोंडावरून गेला तशी तिनं मूठ सोडली, आणि जाताना म्हणाली, "जिनाच्या मालकाले दाखवू नोका बाप्पा. आमाले काढून टाकन." आमच्या शाळेत त्या यंत्रावर जेवढ्या लोकांनी मत दिलं, त्यातलं शहाणपणाचं तेवढंच होतं.

त्याच हिवाळ्यात तपासणी आली. पेटीही आली. सत्यशीलेनं ती उघडलीच नाही. तिनं आपल्या वर्गाच्या टेबलावर मुलींनी केलेलं मांडलं: ती चूल, ती बिनचाकाची मोटार, नलूचं यंत्र. वच्छलाबाई टेबलापाशी आल्या.

"बाई, साहेबांनी शेरा वाईट दिला तर तुमचा तास बंद. आणि तुम्ही कायम व्हायच्या आहात, विसरू नका."

"विसरली नाई," सत्यशीला म्हणाली.

साहेब आले. हार, नारळ, स्वागतगीत. डिप्टीसाहेब स्वभावानं वाईट नव्हते. स्वभाव असावाच लागतो वाईट असायला. त्यांना तो नव्हता. वरून पत्र येईल तसे ते वळायचे. टेबलापाशी येऊन त्यांचा हात सवयीनं पपईकडे गेला आणि अधांतरी राहिला. त्यांनी यंत्राकडे पाहून विचारलं, "हे कोणतं फळ?"

मी पदर तोंडाला लावला. सत्यशीलेनं नलूला पुढं केलं. नलूनं मूठ फिरवली, सरकी पडली. साहेब गोंधळले. त्यांनी हेडबाईंकडे पाहिलं, हेडबाईंनी जमिनीकडे. आणि मग साहेबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तो यंत्रामुळे नव्हे, त्यांना पत्र आठवलं म्हणून. जिल्हा परिषद नवी झाली होती, नव्या साहेबांना काहीतरी नवं हवं होतं, आणि त्यांचं पत्रक आलं होतं की हे यंत्रयुग आहे, घोकंपट्टी पुरे, मुलांच्या सर्जनशक्तीला वाव द्यावा. ते पत्रक साहेबांच्या खिशात दोन महिने पडून होतं आणि दाखवायला काही सापडत नव्हतं.

"वा! वा! हीच ती सर्जनशक्ती!" साहेब ओरडले. वच्छलाबाई तत्काळ म्हणाल्या, "आम्ही शनिवारचा तास मुद्दाम राखून ठेवला आहे, साहेब." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. शेरा असा चांगला पडला की सत्यशीला कायम झाली. जाताना साहेबांनी ते यंत्र मोटारीत घातलं. यवतमाळला मोठ्या साहेबांना दाखवायचं होतं.

नलूनं विचारलं, "वापस कदी भेटन?"

"लवकर, लवकर," साहेब म्हणाले. ते परत आलं नाही. लाटणंही गेलं.

त्या दिवशी सत्यशीला खूश होती. आम्ही दोघी नदीकडून चालत गेलो तेव्हा ती मला म्हणाली, "प्रभावतीबाई, मले वाटलं नवतं. त्यायले समजलं म्हणायचं." मी म्हटलं, "थांब जरा." माझा लोकांवर विश्वास कमी आहे आणि आजवर त्यानं माझं नुकसान झालेलं नाही.

त्रेसष्टच्या पावसाळ्यात सत्यशीला आपल्या वर्गाबरोबर चौथीवर आली, आणि पत्रक आलं. सर्व शाळांनी इयत्ता चौथीस हस्तव्यवसायात "सरकीयंत्र" हा सर्जनशील नमुना अनिवार्य करावा. सोबत आकृती. लांबी इतके इंच, रुंदी इतके इंच, रंग पोपटी. लाटणं आणि लोखंडी दांडी सर्व मुलांना मिळणार नाही, सबब दोन्हींऐवजी पुठ्ठ्याच्या नळ्या वापराव्यात. पंखा नाजूक असल्यानं खिळ्यानं पक्का बसवावा, हलू देऊ नये. आणि शेवटी लिहिलं होतं ते मला अजून पाठ आहे: एका बाजूस कापूस व दुसऱ्या बाजूस सरकी खळीनं चिकटवून दाखवावी.

म्हणजे यंत्र फिरणार नाही, सरकी निघणार नाही, वारा येणार नाही. पण सर्जनशक्तीला वाव मात्र मिळणार. जिल्हाभरच्या शाळांतून पोपटी रंग संपला म्हणे. शनिवारच्या तासाला फळ्यावर आकृती काढायची आणि मुलींनी पट्टीनं मापं घ्यायची, असा वच्छलाबाईंनी हुकूम काढला, आणि त्या तासाला नाव दिलं सर्जन तास. सत्यशीला भांडली. चार बायांसमोर भांडली. "ज्या पोट्टीनं केलं तिनं आकृती पाहून नवतं केलं," म्हणाली. हेडबाई म्हणाल्या, "अहो, तुमचीच तर कीर्ती झाली. माणसानं कृतज्ञ असावं." सत्यशीलेनं आकृती फळ्यावर काढली, आणि काढल्यावर खडू टाकून मुलींना म्हणाली, "ज्यायले हे करायचं त्यायनं हे करा. बाकीच्यायनं आपलं आपलं करा." हळूहळू सगळ्या हेच करायला लागल्या. सोपं होतं ना. माप घ्या, कापा, चिकटवा. रडायला नको की विचार करायला नको. आयांनाही बरं वाटलं, लाटणी घरात राहिली. नलू तेवढी आपली आपली राहिली.

चौसष्टच्या एप्रिलात चौथीची परीक्षा. परीक्षक तेच डिप्टीसाहेब. बाकीचे विषय दोन दिवसांत झाले, नलू सगळ्यांत पास. शेवटचा दिवस हस्तव्यवसायाचा. एका लांब बाकावर पोपटी यंत्रांची रांग, सगळी सारखी, सगळ्यांवर सारखाच कापूस. त्या रांगेच्या टोकाला नलूचं बिनरंगाचं काहीतरी. साहेब येता येता थांबले.

"हे काय?"

"सरकीयंत्र," नलू म्हणाली.

"पंखा कुठे आहे?"

"काढला, साहेब. पंख्यानं तूस मायच्या नाकातून निंघते, पण समोरच्या रेच्यावर जे बाई बसते तिच्या नाकात जाते. मंग तिले खोकला. म्हून मी हे वल्लं पोतं लावलं. तूस याच्यावर चिपकते. मंग पोतं धुवाचं."

खरंच, सांगाड्यावर पोत्याचं ओलं फडकं कमानीसारखं ताणलेलं होतं. साहेबांनी आकृतीचा कागद काढला, कागदाकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं.

"नमुन्यात पोतं नाही." त्यांनी हस्तव्यवसायाच्या रकान्यात नापास लिहिलं. एका विषयात नापास म्हणजे चौथी नापास.

सत्यशीला पुढं आली. मी तिला इतकं मऊ बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "साहेब, तो नमुना हिनंच केला होता. हेच ते पोरगी. तुम्हीच घेऊन गेले होते."

साहेबांनी नलूकडे निरखून पाहिलं. त्यांना आठवलं नाही, किंवा आठवलं आणि त्याचं काही वाटलं नाही. म्हणाले, "मग हिला तर तो तोंडपाठ असायला हवा. बाकीच्या मुलींना जमलं, हिला का जमू नये?"

मूर्खपणा पुरता पिकला की त्याला उत्तर नसतं. फाटकापाशी कांताबाई उभी होती. जिनाचा हंगाम संपत आला होता, शेवटच्या पंधरवड्यात एक हात जादा हवा होता, आणि ती निकाल ऐकायला आली होती. सत्यशीलेनं तिच्याकडे पाहिलं. मग ती साहेबांना म्हणाली, "जेवण होईलोक वेळ द्या. नवीन करून दाखवते ते."

साहेबांना हेडबाईंकडच्या भज्यांचा वास येत होता. त्यांनी वेळ दिला.

सत्यशीला नलूला घेऊन ओसरीवर बसली. दुसऱ्या मुलींच्या उरलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या, पोपटी रंग आणला, खळीची वाटी आणली. जिनं आजवर एकाही मुलीला काय करायचं ते सांगितलं नव्हतं, ती बाई तिथं पट्टी घेऊन सांगत होती, "इथून काप. इतकंच. आता हे लाव."

नलू करत होती. हात तिचे चांगलेच होते. मधेच थांबून म्हणाली, "बाई, हे फिरत नाई."

"नाई फिरत."

"याच्यातून सरकी निंघन काय?"

"नाई. कापूस लाव तिकडच्या बाजूनं."

"मंग हे कायले करायचं?"

सत्यशीला म्हणाली, "तुही माय फाटकापाशी उभी हाय. तिच्यासाठी कर." आणि स्वतःच्या बोटानं खळ लावून तिनं कापसाचा पुंजका बसवून दिला. मला तिथं उभं राहवेना. मला साहेबांचा राग आला, हेडबाईंचा आला, त्या पोपटी रंगाचा आला, आणि ज्या गावात असलं करून मूल वाचवावं लागतं त्या गावाचाही आला.

जेवून आल्यावर साहेबांनी नवं यंत्र उचललं, मापलं, खुशीत हेडबाईंना दाखवलं. "पाहिलंत? मुलांना जमतं सगळं. फक्त कोणीतरी नीट सांगावं लागतं." नापास खोडून पास केलं. वच्छलाबाईंनी मान डोलावली. कांताबाईनं फाटकातूनच हात जोडले आणि नलूला न घेता एकटी जिनाकडे निघून गेली. म्हणजे जे व्हायला हवं होतं ते झालं. नलू पाचवीत जाणार होती.

बाक आवरले गेले. मी आणि सत्यशीला दार लावत होतो, तेव्हा नलू परत आली. तिच्या हातात तिचं ते पोत्याचं यंत्र होतं. तिनं ते सत्यशीलेपुढं धरलं.

"हे ठेवून घ्या बाई. हे चुकलं होतं."

सत्यशीला म्हणाली, "चुकलं नवतं, नलू."

नलूनं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, उद्धटपणा नव्हता. तिला खरोखर कळत नव्हतं.

"मंग तुमी मले दुसरं काहून करायले लावलं?"

मग नलू यंत्र पायरीवर ठेवून घरी गेली.